कुओसाहेबांची पिशवी हरवत नाही

कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. हे वाक्य कुओ त्येनफू यांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या वेळा त्यांनी बायकोला नावाने हाकही मारली नसेल. तायपेईला लागून असलेल्या बानच्याओतल्या फूआन सोसायटीचे, म्हणजे बारा मजले आणि अठ्ठेचाळीस घरं यांचे ते सलग एकोणीस वर्षं चेअरमन होते, आणि चेअरमन झाले तेही याच वाक्यामुळे. एका नववर्षाच्या मेजवानीला इमारतीचा मुख्य पाइप तुंबला आणि वरच्या अकरा मजल्यांचा ऐवज पहिल्या मजल्यावरच्या पाहुण्यांपुढे प्रकट झाला. बाकीचे रहिवासी नाक धरून पळत होते, तेव्हा कुओसाहेब बाह्या सरसावून उभे राहिले. माणसं लढाईतून वर येतात, निवडणुकीतून वर येतात. कुओसाहेब पाइपातून वर आले.

तेव्हापासून प्रत्येक घराच्या संडासात त्यांच्या सहीची सूचना होती. वर्षातून दोनदा डबा-तपासणी होई. कुओसाहेब वही घेऊन घरोघर जात, डब्याचं झाकण उघडत, आत कागद दिसला की समाधानाने मान हलवत आणि बरोबरची खूण करत. चौतीस वर्षं जमीन-नोंदणी कचेरीत काढलेला माणूस होता तो. अशा माणसाला बरोबरच्या खुणेत जे सुख मिळतं ते इतरांना नातवंडांत मिळतं.

पुढे सरकारनेच जाहीर केलं की हल्लीचा कागद पाण्यात विरघळतो, तेव्हा खुशाल कमोडमध्ये सोडा. कुओसाहेब स्वतः सरकारात होते, त्यामुळे सरकारच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा हे त्यांना ठाऊक होतं. पण सातव्या मजल्यावरच्या यूबाई निवृत्त औषधविक्रेत्या. त्यांनी पाण्याच्या काचेच्या बरणीत कागद घालून, चमच्याने ढवळून, लिफ्टजवळ सगळ्यांना तो विरघळवून दाखवला आणि नियम रद्द करण्याचा लेखी ठराव मांडला. मतदान रविवारी ठरलं. आणि त्याच्या आधीचे पाच दिवस सोसायटीची सहल होती, जपानला.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी लिफ्टसमोर सल्ल्यांना ऊत आला. पायमोजे नवे घाला, तिथे जागोजागी बूट काढावे लागतात, असं एकाने सांगितलं. एकाने पोटासाठी काळ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्याने त्या गोळ्या खाऊ नका म्हणून सांगितलं. आणि यूबाईंनी अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं, विचारलं की जपानात संडासात डबेच नसतात, तिथे सगळे कागद कमोडमध्येच सोडतात, तर मग चेअरमनसाहेब काय करणार?

कुओसाहेबांनी घसा साफ केला.

"यूबाई, तत्त्व काही पासपोर्टवर बदलत नाही. मी परदेशात एक जरी कागद कमोडमध्ये सोडला, तरी रविवारी तुमच्या ठरावाची गरज नाही. मी राजीनामा देईन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको शूयिंग तेवढी वाजवत नव्हती. ती बॅग भरायला आधीच वर निघून गेली होती.

जपानातले पहिले दोन दिवस निभावले, कारण हॉटेलच्या खोलीत कचऱ्याचा एक छोटा डबा होता आणि कुओसाहेबांनी आपलं सगळं वेळापत्रक त्या डब्याभोवती आखलं होतं. सकाळी उठायचं, काम उरकायचं, दिवसभर पाणी बेताने प्यायचं. पण तिसऱ्या दिवशी कानाझावाला मुक्काम हलला. बस सकाळी सहाला निघाली आणि वेळापत्रक कोलमडलं. त्यात बाजारात खेकड्याचा भात खाल्ला. मग सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम खाल्लं. वर्ख पोटात गेल्यावर काय करतो याविषयी कुठल्याच शास्त्रात काही सांगितलेलं नाही, पण कुओसाहेबांच्या पोटाने आपला निर्णय अकराच्या आत कळवला.

सार्वजनिक संडासात शिरताच कमोडचं झाकण आपोआप उघडलं. बैठक गरम होती. कुठूनतरी ओढ्याचा आवाज सुरू झाला. कुओसाहेबांना हा सगळा प्रकार लाच दिल्यासारखा वाटला. कचेरीत असताना त्यांनी कधी कोणाचा चहा घेतला नव्हता आणि इथे भिंतच पुढे पुढे करत होती. समोर चार भाषांत पाटी होती, त्यातली एक त्यांचीच: वापरलेला कागद कृपया कमोडमध्ये सोडावा. ती त्यांनी दोनदा वाचली. सूचना कशी लिहितात हे त्यांना माहीत होतं, आणि ती कोणी वाचत नाही हेही.

डबा शोधला. नव्हता. दाराच्या मागे पाहिलं, टाकीच्या मागे पाहिलं. मग त्यांनी खिशातून जिपची एक छोटी पिशवी काढली. शूयिंगने सुकामेवा भरायला आणलेल्या पिशव्यांतल्या डझनभर त्यांनी घरीच गुपचूप काढून ठेवल्या होत्या. कागद त्यात बंद झाला आणि ती पिशवी खांद्यावरच्या मोठ्या पिशवीत गेली. ही मोठी पिशवी लाल कापडाची. नववर्षाला सोसायटीतर्फे पाचशे छापून घेतल्या होत्या. वर सोनेरी अक्षरांत 'कागद डब्यातच', खाली चेअरमन कुओ त्येनफू, आणि त्याखाली मोबाइल नंबर. तत्त्वनिष्ठ माणसाने पत्ता लपवू नये असं त्यांचं मत होतं.

दुपारी दोनपर्यंत जिपच्या पिशव्या सहा झाल्या.

आता एखाद्या साध्या माणसाला वाटेल की यात काय मोठंसं, रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून द्यायच्या. तोच तर घोटाळा होता. त्या अख्ख्या शहरात रस्त्यावर कचऱ्याचा डबा नव्हता. माणसं आपला कचरा घरी घेऊन जातात म्हणे. स्टेशनवर डबा नाही, बागेत नाही, बाजारात नाही. एका दुकानात दाराशी तीन डबे दिसले, पण कुओसाहेब पिशवी घेऊन वाकताच काउंटरवरची मुलगी धावत आली, कमरेत वाकली आणि जळणारा कचरा की न जळणारा असं हातवारे करून विचारू लागली. तिला मदतच करायची होती. ती पिशवीकडे हात पुढे करतेय असं दिसताच कुओसाहेब बाहेर पळाले.

शूयिंगला त्यांनी बाजूला घेतलं. बायकांच्या संडासात एक छोटा झाकणाचा डबा असतो असं त्यांनी ऐकलं होतं. जर ती जाता जाता... शूयिंगने त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एका नजरेचा अर्थ कळतोच. त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही.

देवळात मात्र एक आशा दिसली. जुने ताईत परत करायची लाकडी पेटी. वर्षभर वापरलेले ताईत लोक त्यात टाकतात आणि नंतर पुजारी ते जाळतात. कुओसाहेब त्या पेटीपुढे उभे राहिले. शेवटी जाळायचंच आहे, असं त्यांनी मनाशी मांडून पाहिलं. जे वापरून झालं ते परत करायचं, यात विचार म्हणून चूक काही नव्हतं. त्यांनी पिशवीत हात घातला.

"अहो," मागून शूयिंग म्हणाली, "देवाला तरी सोडा."

त्यांनी हात बाहेर काढला आणि पेटीला नमस्कार केला.

तेव्हा शेवटचा उपाय उरला, तो म्हणजे विसरणे. कुओसाहेबांनी बागेतल्या बाकावर पिशवी ठेवली, तळ्यातल्या दगडी दिव्याकडे अत्यंत एकाग्रतेने पाहिलं आणि तसेच पुढे चालू लागले. खांदा हलका झाला. माणसाला पापाचं ओझं उतरल्यावर असंच वाटत असेल, असा विचार मनात येतो न येतो तोच मागून काठीची टकटक ऐकू आली. ऐंशीच्या घरातले एक आजोबा, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात लाल पिशवी, दोनशे पावलं धापा टाकत आले होते. पिशवी दोन्ही हातांनी पुढे करून ते वाकले. कुओसाहेबांना वाकावं लागलं. आजोबा पुन्हा वाकले. असं चारदा झालं, आणि चौथ्या वेळी कुओसाहेबांच्या कमरेत उसण भरली.

दुसऱ्यांदा ते ती भेटवस्तूंच्या दुकानात विसरले. दुकानातली बाई रस्ता ओलांडून आली, आणि पिशवी जरा मळली होती म्हणून तिने ती नव्या कागदी पिशवीत घालून, वर छान चिकटपट्टी लावून आणली होती. आता कुओसाहेबांकडे दोन पिशव्या झाल्या.

तिसऱ्यांदा त्यांनी चलाखी केली. आपली बस सुटायच्या अगदी एक मिनिट आधी त्यांनी पिशवी थांब्यावरच्या बाकाखाली पायाने सरकवली आणि शेवटी चढले. दार बंद झालं. बस वळली. कागदी पिशवीतून डोकावणारा लाल कोपरा खिडकीतून लहान लहान होत नाहीसा झाला. कुओसाहेब सीटवर रेलले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना शेजारच्याने देऊ केलेलं तांदळाचं बिस्किट गोड लागलं.

बिस्किट संपायच्या आत त्यांचा मोबाइल वाजला. पलीकडून कोणी तरुण माणूस जपानीत आदराने बरंच काही बोलला. कुओसाहेबांनी फोन सहल नेणाऱ्या फांगच्या हातात दिला. फांग तायचुंग शहरातली पोर, जपानीत तरबेज, आणि माणसांना आनंदाच्या बातम्या द्यायची तिला फार हौस. तिने ऐकून घेतलं, फोन कानावरून न काढताच बसमधला माइक उचलला आणि जाहीर केलं की चेअरमनसाहेबांची पिशवी सापडली आहे, एका सज्जनाने ती पोलीस चौकीत नेऊन दिली आहे आणि ती अगदी सुखरूप आहे.

बसने टाळ्या वाजवल्या.

कुओसाहेबांची पाचावर धारण बसली. ते म्हणाले की राहू द्या, विशेष काही नव्हतं तिच्यात. पण बसने ऐकलं नाही. परदेशात पिशवी हरवणं म्हणजे काय असतं यावर प्रत्येकाकडे एक गोष्ट होती. कोणाच्या मेहुण्याचा पासपोर्ट गेला होता, कोणाच्या सासूची कवळी. यूबाईंनी वळून विचारलं की पिशवीत होतं तरी काय. कुओसाहेब खोटं बोलत नसत.

"कागद," ते म्हणाले.

महत्त्वाचे का, असं यूबाईंनी विचारलं. जुने, असं कुओसाहेबांनी सांगितलं. मग तर परतायलाच हवं असं बसचं मत पडलं आणि ड्रायव्हरने गाडी वळवली.

चौकी एका खोलीची. आत कुओसाहेब, शूयिंग, फांग आणि, काही मदत लागली तर असावी म्हणून, यूबाई. बाकीची सोसायटी काचेला नाक लावून बाहेर. हवालदाराचं नाव निशिगाकी, वय फार तर पंचवीस, हातात पांढरे मोजे. टेबलावर लाल पिशवी नव्या कागदी पिशवीशेजारी ठेवलेली. हवालदाराने एक छापील अर्ज काढला, तो कोपऱ्यावर कोपरा जुळवून सरळ केला आणि पेनचं टोपण उघडलं. ती हालचाल कुओसाहेबांनी ओळखली. चौतीस वर्षं ती त्यांनी स्वतः केली होती, आणि समोरच्या माणसाला काय वाटतं हे त्यांना आत्ता पहिल्यांदा कळत होतं.

वस्तू देण्याआधी मालकाची खात्री करून घ्यावी लागते, असं फांगने भाषांतर केलं. पिशवीवर नाव आहे ते ठीक, पण आत काय आहे ते मालकाने न बघता सांगायचं.

कुओसाहेबांनी फांगच्या कानाशी वाकून सांगितलं. फांग कानापर्यंत लाल झाली. तिने खाली बघत भाषांतर केलं. हवालदाराने चेहऱ्यावरची रेघही न हलवता लिहून घेतलं आणि विचारलं, नग किती?

"सहा पिशव्या," कुओसाहेब म्हणाले. "आतले सुटे मोजलेले नाहीत."

हवालदाराने सहा लिहिलं. पिशवीचं तोंड जरासं उघडून, मान वळवून, बोटाने सहा मोजले आणि अर्जावर बरोबरची खूण केली. तशा प्रसंगातही कुओसाहेबांना ती खूण सुबक वाटली. मग हवालदाराने काहीसं घुटमळत विचारलं की हे अर्जात नाही, पण आपली माफी मागून विचारतो, हे आपण का जवळ बाळगता?

एव्हाना यूबाईंना सगळं समजलं होतं. त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. ते पाहून कुओसाहेबांचा कणा, उसण भरलेली असतानाही, ताठ झाला. हसायचं तर हसा. आपण शब्द पाळला होता. पोटात खेकडा, कमरेत उसण, देवापुढे लाज, हे सगळं सोसून पाळला होता. त्यांनी फांगला सांगितलं, याला सांग. अठ्ठेचाळीस घरं. एकोणीस वर्षं. एकदाही पाइप तुंबलेला नाही. का? कारण आमच्याकडे प्रत्येक माणूस हा नियम पाळतो, आणि चेअरमन तो परदेशातही पाळतो.

फांगने भाषांतर केलं. निशिगाकी हवालदार खुर्चीतून उठून उभा राहिला. त्याला खरोखरच भरून आलं असावं. त्याने वाकून म्हटलं की असा समाज पाहायला मिळणं कठीण. आणि खरंच प्रत्येक जण पाळतो?

"प्रत्येक जण," कुओसाहेब म्हणाले.

यूबाई भिंतीवरचा शहराचा नकाशा वाचू लागल्या. काचेबाहेरची नाकं एकेक करून मागे सरकली. आणि शूयिंग, जी चाळीस वर्षांत चारचौघांत नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती, तिने पर्स उघडली, बंद केली आणि म्हणाली,

"अहो, पुरे आता. मी अकरा वर्षं कमोडमध्येच सोडतेय."

कुओसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"घरी?"

"मग काय देवळात?"

"आणि डबा?"

"डबा तुमचा. त्यात फक्त तुमचेच असतात."

त्यांनी आधारासाठी यूबाईंकडे पाहिलं, यावरून माणसाची काय अवस्था झाली असेल ते कळावं. यूबाईंनी नकाशा सोडला. त्या म्हणाल्या की त्यांच्याकडे नऊ वर्षं झाली. समोरच्या घरात त्याहून जास्त. बाराव्या मजल्यावर तर कधी डब्यात टाकलेच नाहीत.

"पण मी तपासणी करतो," कुओसाहेब म्हणाले. "वर्षातून दोनदा. डबे भरलेले असतात."

"तुम्ही पंधरा दिवस आधी नोटीस लावता चेअरमनसाहेब. मग आदल्या दिवशी आम्ही कोरे कागद चुरगळून भरतो."

"सगळे?"

"सगळे. मुलं हौसेने करतात."

"मग तो ठराव कशाला मांडलात?"

यूबाईंना हा प्रश्नच विचित्र वाटला. "इतका चांगला कागद वाया जातो," त्या म्हणाल्या.

हवालदाराने फांगकडे पाहिलं. फांगने या भागाचं भाषांतर केलं नाही, आणि त्याबद्दल तिला जन्मभर पुण्य लागेल. कुओसाहेबांनी अर्जावर, वस्तू मिळाली, अशी सही केली. पिशवी उचलली. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं की चौकीला संडास आहे का. हवालदाराने दोन्ही हातांनी मागचं दार दाखवलं.

दार लागलं. थोडा वेळ नुसताच ओढ्याचा आवाज आला. मग फ्लशचा. मग पुन्हा. बाहेर चौघंही कुठेतरी दुसरीकडे बघत मोजत होते. सहाव्या वेळेनंतरही दार लगेच उघडलं नाही. कुओसाहेब बाहेर आले तेव्हा लाल पिशवी, जिपच्या रिकाम्या पिशव्या आत ठेवून, त्यांच्या हातात चौकोनी घडी घातलेली होती.

"तुंबलं नाही," ते म्हणाले. आवाजात खरं दुःख होतं.

रविवारी सभेला अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस घरं हजर होती, जे आगीचा बंब आला तेव्हाही झालं नव्हतं. कुओसाहेब उभे राहिले. म्हणाले, मी शब्द दिला होता. परदेशात एक कागद सोडला तर राजीनामा देईन असं म्हटलं होतं. मी एक नाही, बरेच सोडले. तेव्हा हा राजीनामा.

सभेत एकदम भीती पसरली. राजीनामा म्हणजे लिफ्ट बंद पडल्यावर कोणाला फोन करायचा? पाण्याच्या टाकीवाल्याशी कोण भांडणार? वाहनतळावरून बाराव्या आणि पाचव्या मजल्याचं जे वैर आहे त्यात शिव्या कोण खाणार? माणसं एकमेकांकडे पाहायचं टाळू लागली, कारण ज्याच्याकडे पाहिलं जाईल तो पुढचा चेअरमन झाला असता. शेवटी यूबाईच उठल्या. त्या म्हणाल्या की चौकीत त्या स्वतः हजर होत्या आणि त्यांनी काहीही पाहिलेलं नाही. दार बंद होतं. त्या आपला ठराव मागे घेतात. या सोसायटीत जी शिस्त आहे ती त्या नियमामुळे आहे, आणि तो नियम व चेअरमन दोन्ही कायम राहावेत असा त्यांचा नवा ठराव आहे. हे त्यांनी पापणीही न लववता सांगितलं. अठ्ठेचाळीसांपैकी सत्तेचाळीस हात वर झाले. एकट्या कुओसाहेबांचा खाली होता, पण बहुमत झालं होतं.

त्यांनी घरी येऊन तो निकाल वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी, नियम कायम झाल्यामुळे, पुढच्या महिन्याच्या डबा-तपासणीची नोटीस लिफ्टजवळ लावली. लोक येता-जाता ती वाचत होते आणि आदराने मान हलवत होते.

चेअरमनच्या घरचा डबा चेअरमनने तपासायचा नाही, दुसऱ्या कोणीतरी, असं पहिल्यापासून ठरलेलं. यंदा यूबाईंची पाळी होती आणि तपासणीच्या दिवशी त्या चारला येणार होत्या. त्या दिवशी साडेतीनला कुओसाहेब संडासात गेले, झाकण उघडून पाहिलं आणि बाहेर आले. जपानहून परतल्यापासून डब्यात काही पडलेलंच नव्हतं. त्यांनी कपाटातून कागदाची नवी गुंडाळी काढली, सोफ्यावर बसले आणि एक एक तुकडा फाडून मुठीत दाबू लागले. शूयिंग शेंगा सोलत समोर बसली होती. बराच वेळ तिने बघून घेतलं.

"इतका घट्ट गोळा नका करू," ती म्हणाली. "खोटा वाटतो."

कुओसाहेबांनी हातातला गोळा उलगडला आणि पुन्हा, जरा सैल, चुरगळला.